वीतभर अंतरावरचं लग्न

गाशे वोर्कूंच्या स्टुडिओत मी वर्षानुवर्षं दिवा धरला. नवरीच्या तोंडावर उजेड मी पाडायचा आणि फोटो त्यांनी काढायचा. त्यांना 'गाशे' म्हणायचं ते वयाचा मान म्हणून. बाकी मान द्यावा असं त्यांच्यात फारसं काही नव्हतं. "बाईच्या हातात कॅमेरा दिला की ती नवरीचे कपडेच बघत बसते" अशा अर्थाचं काहीतरी ते प्रत्येक लग्नात बोलत, आणि सगळे पुरुष हसत. मला त्या हसण्याचा वीट आला होता.

म्हणून मी स्वतःची लेन्स घेतली. रशियन लोक आमचा देश सोडून गेले तेव्हा त्यांच्या लेन्स इथेच राहिल्या, त्यातली एक. शहरातल्या पियासा पेठेत, जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात ती मला दिसली. अंगाने जड, आतली काच जांभळट, फोकस आपल्या बोटांनी फिरवायचा. त्या दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं, एवढीच जागा. स्टुडिओचा डिजिटल कॅमेरा माझ्यासोबत होता. दुकानदाराने मधली जोडरिंग बसवून दिली, आटे झकास बसले. माझ्या मकियातो कॉफीच्या कपावर मी लेन्स रोखली तर फेसाचा बुडबुडा न् बुडबुडा दिसला. मी घासाघीससुद्धा केली नाही.

"भंगार आणलंस?" गाशे वोर्कू म्हणाले. "बरं झालं. रविवारच्या लग्नात मी नवऱ्यामुलाकडे असेन. नवरीकडचं तू कर, पण याच भंगारावर. माझी लेन्स मिळायची नाही. फोटो बिघडले तर पुन्हा दिवा, आणि मग कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही."

"आणि चांगले आले तर?"

"आधी येऊ तर देत!"

रविवारी सकाळी नवरीच्या अंगणात मी कॅमेरा डोळ्याला लावला. मांडव पुसट, माणसं पुसट. रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी पुसटच. मग डोक्यात उजेड पडला. रशियनांचे कॅमेरे दोन जातींचे. आटे दोन्हींचे सारखेच, पण एका जातीत लेन्स फिल्मच्या बरीच जवळ बसते. माझी लेन्स त्या जातीची आणि जोडरिंग दुसऱ्या जातीची. त्यामुळे ती बोटभर पुढे बसली होती आणि तिला फक्त वीतभर अंतरावरचं दिसत होतं. त्या बोळकांडीएवढ्या दुकानात मी ती कपावर तपासली, तिथेच फसले.

एक फोन केला असता तर गाशे वोर्कू त्यांची लेन्स घेऊन धावत आले असते. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं हसले असते. मी फोन पिशवीत टाकला. वीतभर तर वीतभर.

नवरीच्या खोलीत शिरले. नवरीच्या, वुबालेमच्या, डोळ्यात तिची मावशी काजळ घालत होती.

"अगं अत्सेदे, नाकात शिरतेस का माझ्या?" वुबालेम माझ्यावर किंचाळली.

"हलू नकोस. हललीस तर खरंच शिरेन."

काजळाची काडी, ओली पापणी, मावशीचा दातांत धरलेला ओठ. मग स्वयंपाकघरात दोरो वोतच्या, म्हणजे कोंबडीच्या तिखट रश्श्याच्या, मसाल्याने लाल झालेली नखं. नवरीची आई यशी, आम्ही तिला मानाने एटेटे म्हणतो, माझ्यावर डाफरली, "एवढा मांडव सजवलाय, आणि तू माझी नखं काढतेस? मांडव काढ!"

"मांडव भाड्याचा आहे, एटेटे. उद्या दुसऱ्याच्या दारात लागेल. नखं तुमची आहेत."

तिने स्क्रीनवर पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि हात शालीला पुसत म्हणाली, "हं. काढ मग."

तेवढ्यात बाहेर ढोल वाजला. नवऱ्यामुलाची माणसं आली. आमच्याकडे त्यांना सरळ आत घेत नाहीत. नवरीकडच्या बायका दार अडवून गाणी म्हणतात आणि ते रेटतात. मी दाराच्या चौकटीत घुसले. अशा रेटारेटीत वीतभराहून लांब कुणी नसतंच. घामेजलेला गळा, गाताना उघडलेलं तोंड, खांद्यात रुतलेला कुणाचा तरी पंजा, सगळं मला मिळत होतं.

त्या लोंढ्याबरोबर गाशे वोर्कू माझ्यासमोर येऊन आदळले. त्यांची नजर माझ्या स्क्रीनवर गेली आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं.

"लांबचं दिसतच नाही वाटतं?" ते हसत सुटले. खिशातून त्यांनी स्वतःची लेन्स काढून माझ्या नाकासमोर धरली. "सगळ्यांसमोर म्हण, चुकले गाशे. आणि घे."

"नको."

"नोकरी जाईल, पोरी."

"जाऊ दे."

एटेटे यशीने मागून ओरडून विचारलं, "हा कोण गं तुझ्याशी हुज्जत घालतोय?"

"नवऱ्यामुलाकडचा आहे, एटेटे!"

बायकांनी एकच जल्लोष केला आणि गाशे वोर्कूंना, लेन्ससकट, पायऱ्यांखाली ढकलून दिलं. खोटं बोलले नाही मी. ते त्यांच्याकडचेच होते.

शेवटी नवरामुलगा आत आला आणि वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना ओठ टेकवून आशीर्वाद घ्यायची वेळ झाली. वुबालेमचे वडील, गाशे देमिसे, खुर्चीत ताठ बसले होते. चेहरा दगडी, एक रेघ हलत नव्हती. सगळ्यांचे मोबाइल त्या चेहऱ्याकडे वळलेले. माझ्या लेन्सला चेहरा दिसायचाच नाही, म्हणून मी चटईवर आडवी झाले आणि त्यांच्या गुडघ्यापाशी गेले. वुबालेमचे ओठ तिथे टेकले तेव्हा पांढऱ्या कापडाखाली तो गुडघा थरथरत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला, तर हातही थरथरू लागले. मला रडू फुटलं, पण बोट थांबलं नाही.

जेवणं झाल्यावर गाशे देमिसेंनी मला बोलावून फोटो मागितले. त्या गुडघ्यापाशी ते थांबले. दारात उभ्या असलेल्या गाशे वोर्कूंनी लगबगीने पुढे येऊन त्यांच्या हातात स्टुडिओचं कार्ड ठेवलं.

गाशे देमिसेंनी कार्ड न वाचता बाजूला ठेवलं. "कुणी काढला हा?" त्यांनी मला विचारलं.

गाशे वोर्कू माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते. मी मोठ्याने माझं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.