आठापुढची काठी

शिवाजीभाऊंचा फोन आला तेव्हा साडेअकरा वाजले होते. शहाद्यातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आयुषी एकटीच होती. घरी जेवायला जावं की अजून अर्धा तास थांबावं, असा तिचा विचार चालला होता.

“आयुषीताई, चिखलआंबाना खाना कोरा कसाले शे?” शिवाजीभाऊंनी ‘कशी आहेस’सुद्धा विचारलं नाही.

डोंगरातल्या उपकेंद्रांवरच्या लशींचा साठा शिवाजीभाऊ सांभाळत. बोलणं अहिराणी, आवाज खणखणीत, आणि कितीही रागावले तरी फोन ठेवताना हसायचे. आज त्यांचा सूर हसण्याचा नव्हता.

आयुषीने पडद्यावर तक्ता उघडला. मोलगीच्या वर, जीपने तासभर चढून गेलं की चिखलआंबा नावाचा पाडा लागतो. तिथल्या उपकेंद्रात लशींचा एक फ्रिज आहे. फ्रिजला लावलेलं यंत्र दर दहा मिनिटांनी आतलं तापमान पाठवतं आणि ते या तक्त्यात येऊन बसतं. दोन ते आठ अंशांच्या आत असेल तर हिरवं, नाहीतर लाल. काल संध्याकाळी पाचपर्यंत ओळीने हिरवं होतं. पाचनंतर हिरवंही नव्हतं आणि लालही नव्हतं. नुसता कोरा रकाना होता.

“लाइट गेली असेल,” ती म्हणाली.

“लाइट गई, यंत्र बंद पडनं, ते माले माहीत शे. पन उपकेंद्रना गिरधरनी रातभर जागीसन हातवर मापं लिखी. सकायले टेकडीवर चढीसन फोनमधून धाडी बी दिधी. मंग ती गयी कोठे?”

आयुषीने तक्ता पुन्हा वर-खाली सरकवून पाहिला.

“ताई, बारा तासपेक्षा जास्त खाना कोरा ऱ्हायना तं तो साठा वापरता येत नही. आते अठरा तास व्हयनात. चार वाजता मोलगीतून जीप वर जाई. तोवर मापं दिसनी तं ठीक, नही तं ती लशींनी पेटी खाले लई येई.”

पेटी खाली आली म्हणजे काय, हे आयुषीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उद्या गुरुवारी चिखलआंब्यात लसीकरण होतं. कालीबाई नर्सने घरोघर फिरून एकवीस पोरांची नावं लिहिली होती. शुक्रवारी पहाटे त्याच घरांतली माणसं ट्रक भरून गुजरातेत कामाला जाणार होती, ती थेट तीन-चार महिन्यांनी परत येणार. उद्याचा दिवस हुकला तर ती पोरं तशीच जाणार होती.

आणि चिखलआंब्याची मापं तक्त्यात नेऊन ठेवायचं काम मागच्याच आठवड्यात आयुषीने लावून दिलं होतं. तिने एकटीने लावलेलं ते पहिलं काम.

हे काम कसं चालतं ते सोपं आहे. उपकेंद्रांतून येणारी मापं थेट तक्त्यात शिरत नाहीत. आधी ती एका रांगेत उभी राहतात, आली त्या क्रमाने. रांगेतलं एकेक माप उचलायचं आणि डेटाबेसातल्या त्याच्या त्याच्या रकान्यात नेऊन ठेवायचं, हे एक हमाल दिवसरात्र करत असतो. हा हमाल म्हणजे संगणकातलं एक काम. त्याला स्वतःचं डोकं नाही. त्याला एक चिठ्ठी लिहून द्यावी लागते: कुठल्या रांगेतून घे, कुठल्या तक्त्यात ठेव, कुठलं माप कुठल्या रकान्यात घाल, आणि न समजलेल्या ओळी किती झाल्या की थांब. त्या चिठ्ठीला यॅमल फाईल म्हणतात. तिच्यात कंसबिंस फारसे नसतात. कोण कुणाच्या आत आहे, हे ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली त्यावरून ठरतं. आईच्या नावाखाली दोन जागा आत सरकून लेकरांची नावं लिहायची. एक जागा चुकली, तर लेकरू शेजारणीच्या मांडीवर जाऊन बसतं, नाहीतर हमाल चिठ्ठीच वाचायचं नाकारतो.

म्हणून आयुषीने आधी जागा मोजल्या. ओळीमागून ओळ, पेन्सिलीचं टोक पडद्याला लावून. सगळी लेकरं आपापल्या आईजवळ होती. मग तिने हमालाची रोजनिशी उघडली. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: सकाळी दहा वाजून चार मिनिटं, पाचपेक्षा जास्त ओळी समजल्या नाहीत, काम थांबवलं.

पाच ही मर्यादा तिनेच घातली होती. खाली त्या न समजलेल्या ओळी होत्या. वेळ बरोबर, उपकेंद्राचं नाव बरोबर. तापमानाच्या जागी होतं: ४॥. त्याखाली ४॥।. त्याखाली ५।.

मराठी अंक येणार, हे तिला ठाऊक होतं. डोंगरातल्या माणसांना फोनवरचा फॉर्म भरायला सोपं जावं म्हणून तिने तापमानाची जागा मोकळी ठेवली होती, आणि इंग्रजी 4 ऐवजी मराठी ४ आला तर समजून घ्यायची ओळही फाईलीत घातली होती. पण या उभ्या रेघा? बोट घसरलं असेल म्हणावं, तर रांगेत उभी असलेली नऊच्या नऊ मापं तशीच होती. गिरधरला फोन लावला तर तो टेकडीवरून उतरून रेंजबाहेर गेलेला.

तिने शिवाजीभाऊंना फोन करून सांगितलं.

“रेघा काढी टाक ना!” ते म्हणाले. “चारनी जागावर चार, पाचनी जागावर पाच.”

“तसं कसं, भाऊ? रेघांना काही अर्थ असला तर?”

“अर्थ काय ऱ्हाई? देख, मी काही सांगं नही. फाईल तुमनी शे.”

आयुषीने फोन ठेवला. रेघा पुसणं दोन मिनिटांचं काम होतं. मर्यादा पाचाची पन्नास केली तरी हमाल पुन्हा चालू झाला असता, फक्त ही नऊ मापं बाजूला टाकून. तिने दोन्ही केलं नाही. फोनमध्ये त्या नऊ ओळींचा फोटो घेतला आणि ती घरी निघाली.

घरी तिचे आजोबा, पन्नालालजी, जेवून पानाचा डबा पुढे घेऊन बसले होते. वय ब्याऐंशी. आयुष्यभर धान्याची आडत केली होती. आयुषीने ताट वाढून घेतलं खरं, पण घास तोंडाशी न्यायचं विसरून फोनकडेच बघत होती.

“अन्नाला पाहा की जरा,” पन्नालालजी म्हणाले. “त्या डबीत काय एवढं लिहिलंय?”

“दादाजी, तुम्हाला नाही कळायचं. डेटाचं आहे.”

“बरं. मग डेटा खा.”

आयुषीला हसू आलं. तिने फोन त्यांच्यासमोर धरला. पन्नालालजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पाढे म्हणावेत तसं वाचायला सुरुवात केली.

“साडेचार. पावणेपाच. सव्वापाच. साडेपाच. पावणेसहा. सव्वासहा. साडेसहा. सव्वाआठ. पावणेसात. कशाचं वजन आहे हे? मण की शेर?”

आयुषीचा हात ताटातच थांबला. “पुन्हा वाचा.”

“पुन्हा कशाला? तूच वाच. एक काठी म्हणजे पाव. दोन काठ्या म्हणजे अर्धा. दोन आणि एक, तीन काठ्या म्हणजे पाऊण. ज्या आकड्यापुढे काठी, त्याच्यात तेवढं मिळवायचं. चारापुढे तीन काठ्या?”

“चार आणि पाऊण. पावणेपाच.”

“शाबास. आता हा कोण लिहितो?”

“गिरधर म्हणून आहेत. उपकेंद्रात मदतनीस.”

“मदतनीस आत्ता असेल. हा माणूस कधीतरी तराजूजवळ बसलेला आहे. आमच्याकडे चिठ्ठ्यांवर असंच लिहायचे. जागा कमी लागते आणि कुणी मधे टिंब घुसडून लबाडी करू शकत नाही.”

आयुषीने डाव्या हाताने भराभर आकडे कागदावर मांडले. ४.५०, ४.७५, ५.२५. वीज नसताना बंद फ्रिज हळूहळू तापत जावा, तसेच ते चढत होते. आठव्या आकड्याशी ती अडखळली. सकाळी सातचं माप. ८।

आठ चालतं. सव्वाआठ चालत नाही.

“दादाजी, ही एकच काठी आहे. हा पूर्णविराम असू शकतो. जुन्या पुस्तकांत वाक्य संपलं की अशीच उभी रेघ असते.”

“असते.”

“मग आठ. पूर्णविराम.”

पन्नालालजींनी सुपारी कातरली आणि अडकित्ता खाली ठेवला. रागावले नाहीत. “असू शकतो. नऊ आकड्यांत बाकी कुठे पूर्णविराम दिलाय का त्याने?”

“नाही.”

“पाचापुढे एक काठी आहे, सहापुढे एक आहे. तिथे तू पाव वाचलास. आठापुढेच पूर्णविराम का?”

आयुषीने पाचाच्या आणि सहाच्या काठ्या फोटोत पुन्हा पाहिल्या.

“बरं, ते सोड. तो ज्या काट्यावर बघतो, त्यावर दोन अंकांच्या मधे बारीक रेघा किती?”

फ्रिजमधल्या काट्याच्या थर्मामीटरचा फोटो तिच्याकडे होता, यंत्र बसवायला गेली होती तेव्हाचा. तिने तो मोठा करून पाहिला. सातच्या आणि आठच्या मधे तीन बारीक रेघा. आठच्या आणि नऊच्या मधेही तीन. पाव, अर्धा, पाऊण.

“सव्वाआठच आहे,” ती हळू म्हणाली. “दादाजी, हे लाल होईल. पेटी परत आणतील.”

“ते आणणाऱ्यांनी ठरवायचं. तुझ्या हातात काय आहे?”

“माप पोचवायचं.”

“मग जेव आणि पोचव.”

ती अर्धवट जेवली. ऑफिसात परत येऊन तिने फाईल उघडली. तापमानाच्या रकान्याखाली दोन जागा आत सरकून एक नवी ओळ लिहिली: तीन काठ्या दिसल्या तर पाऊण मिळव, दोन दिसल्या तर अर्धा, एक दिसली तर पाव. क्रम महत्त्वाचा होता. आधी एक काठी शोधायला सांगितलं असतं, तर हमालाने तीन काठ्यांतलीही पहिलीच पाहून पाव धरला असता.

काम पुन्हा चालू करणार, तेवढ्यात तिची नजर वरच्या एका ओळीवर गेली. कुठून सुरू करायचं? तिथे ‘नव्यापासून’ असं होतं. तसंच चालू केलं असतं, तर हमाल यापुढे येणारी मापं उचलत बसला असता आणि रांगेत सकाळपासून उभी असलेली नऊ तशीच उभी राहिली असती. तिने ते बदलून ‘थांबलास तिथून’ असं केलं. जागा पुन्हा मोजल्या. मग काम चालू केलं.

नऊ ओळी एकामागून एक तक्त्यात उतरल्या. सात हिरव्या, एक लाल, एक हिरवी.

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. लाल रंग शिवाजीभाऊंनी स्वतः शोधून काढण्याआधी तिनेच फोन केला.

“भाऊ, मापं आली. पण सकाळी सातला सव्वाआठ आहे.”

“सव्वाआठ?” शिवाजीभाऊंनी पुन्हा विचारलं. “आठ नही?”

“नाही. सव्वाआठ. नऊ वाजता पावणेसात आहे.”

“ताई, तू मनात आनतीस तं आठ लिखतीस. कोनले समजनं नसतं.”

“मला समजलं असतं ना.”

शिवाजीभाऊंनी मोठा श्वास सोडला. “देख, कोरा खाना म्हनजे मी काहीच बोलू शकत नही, पेटी सरळ परत. लाल माप म्हनजे जाईसन देखनं पडस. कालीबाईले आजच जीपमधून वर धाडस. ती कुपीकुपी देखी. पेटी आननी का ठेवनी, ते ती ठरवी.”

प्रत्येक कुपीवर एक छोटा गोल छापलेला असतो आणि गोलाच्या आत एक चौकोन. लशीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली. गोलाच्या रंगाला पोचला की टाकून द्यायची. सकाळच्या त्या सव्वाआठने चौकोनाला काय केलं, हे शहाद्यात बसून कुणालाच सांगता येणार नव्हतं.

चार वाजता जीप निघाली. पाच वाजले. साडेपाच वाजले. आयुषीने ऑफिस झाडलं, बाटल्या भरून ठेवल्या, दुसऱ्या उपकेंद्रांच्या फाईलींतल्या जागा विनाकारण मोजल्या. सहाला दहा मिनिटं कमी असताना कालीबाईचा फोन आला. टेकडीवरचा वारा फोनमध्ये घोंघावत होता.

“आयुषीताई, पाहिल्या सगळ्या. एकूण एक. चौकोन पांढरे आहेत गं, पांढरे! नव्या कुपीशेजारी ठेवून पाहिले.”

“मग ते सव्वाआठ?”

“गिरधरदादांना विचारलं. सकाळी बर्फाच्या पिशव्या बदलायला झाकण उघडलं, आणि उघड्या झाकणातच माप घेतलं. मी म्हटलं, दादा, झाकण लावून थोडं थांबायचं असतं. ते म्हणाले, सात वाजता लिहायचं होतं, सात वाजता दिसलं ते लिहिलं.”

“आणि त्या काठ्या? कुठे शिकले ते?”

“मोलगीच्या बाजारात एका दुकानावर बारा वर्षं तोलत होते. मला तर वाटायचं, ते रेघा मारून आकड्याला सजवतात!” कालीबाई हसली. मग म्हणाली, “पेटी इथेच ठेवते. मीही इथेच राहते. शिवाजीभाऊंना सांगितलंय.”

गुरुवारी दिवसभर चिखलआंब्याकडून फक्त हिरवे आकडे आले, तेही हाताने लिहिलेले. लाइट आली नव्हती. आयुषीने कुणाला फोन केला नाही. तिकडे लोक कामात असणार.

शुक्रवारी सकाळी कालीबाईचाच फोन आला. ती मोलगीला परतली होती आणि तिचा आवाज बसला होता.

“झाली एकवीसच्या एकवीस. आणि आता शिव्या खातेय,” ती म्हणाली. “रात्रभर सगळा पाडा जागा होता. कुणाला ताप, कुणाची मांडी सुजलेली. पहाटे ट्रक निघाला तेव्हा आतून एवढा रडण्याचा आवाज, एवढा आवाज, की ड्रायव्हर विचारत होता, बाई, माणसं भरलीत की कोकरं?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? म्हटलं, हळू चालव बाबा, मांड्या दुखताहेत.”