चार बोटं अंतर

मास्तरांनी हिसडलेला तांब्या तिसऱ्यांदा भिंतीवर आपटला तेव्हा त्यांना आंघोळ घालायला आलेली सेविका ताई चिंब भिजली होती आणि मास्तर कोरडे ठणठणीत होते. वृद्धाश्रमाच्या त्या न्हाणीघरात आंघोळ नेमकी कुणाची चालली आहे, असा प्रश्न कुणालाही पडावा. ऐंशी ओलांडलेले मास्तर स्टुलावर अंग चोरून, डोक्यावर दोन्ही हात धरून बसले होते. ते थरथरत होते. रागाने नाही, भीतीने. ताईला ते आज पहिल्यांदाच दिसलं.

दाराबाहेर मेट्रनबाई घुटमळत होत्या. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या जिवाला सगळ्या आश्रमाचा घोर. आज जमलं नाही तर उद्यापासून आधी गुंगीची गोळी आणि मग धरायला दोन वॉर्डबॉय, असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. गोळीवरची माणसं ताईने पाहिली होती. ती आंघोळीला मुकाट बसायची, आणि पुढे लेकीच्या हाकेलाही मुकाटच राहायची. मास्तरांचं तसं होऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

गंमत अशी की या माणसाने अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं होतं. जन्म तलावावर गेला, गळ्यातली शिट्टी जेवतानाही उतरायची नाही. बाबांचे पाय जमिनीपेक्षा पाण्यात जास्त स्थिर असायचे, असं त्यांची लेक भेटीला आली की हसत सांगायची. आणि आता तेच बाबा तांब्याभर पाण्याला भितात, म्हणताना तिचं हसू विरून जायचं.

ताईने तांब्या उचलला नाही. ती समोर येऊन ओल्या फरशीवरच बसली. वरच्या खिडकीतून ऊन बादलीत उतरलं होतं आणि पाण्याचा उजेड छतावर हलत होता. मास्तर वर बघत राहिले. बघता बघता त्यांचे हात खाली आले. भिंती मागे मागे सरकल्यासारख्या झाल्या, नळाची टिपटिप लांबून येऊ लागली, आणि दोघांच्या डोक्यावर एक संथ तलाव पसरला. ताईला वाटलं, असंच बसून राहावं.

"मला पोहता येत नाही, मास्तर," ती म्हणाली. खरंच येत नव्हतं.

"मागून ढकललं होतं ना कुणी?"

ताई चपापली. लहानपणी मामाने थट्टेत नदीत ढकललं होतं, त्यानंतर तिने पाण्याचं नाव काढलं नव्हतं. आणि इतके दिवस ती स्वतः मास्तरांच्या मागे उभी राहून त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत आली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी पाय," मास्तर तिला समजावत म्हणाले, "मग हात. डोक्याची घाई नाही, पोरी."

ताईने तांब्या भरून त्यांना दाखवला. पायावर घालू का, म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली. पाय झाले, गुडघे झाले, हात झाले. पायरी पायरीने तलावात उतरावं तसे मास्तर पाण्यात उतरत गेले. मध्येच त्यांचा तोल गेला, तशी ताईने बाजूला सरकून त्यांच्या पाठीला तळवा लावला.

"मूल तरंगायला लागलं की हात काढायचा," मास्तर डोळे मिटून म्हणाले. "पण लांब न्यायचा नाही. चार बोटं खाली ठेवायचा. त्याला कळू द्यायचं नाही."

मग त्यांनी हात पुढे केला. ताईने भरलेला तांब्या त्यांच्या हातात दिला. थोडं पाणी सांडलं, पण त्यांनी श्वास धरला आणि तांब्या स्वतःच्या डोक्यावर रिकामा केला.

बाहेरून मेट्रनबाईंनी वॉर्डबॉय पाठवू का, म्हणून विचारलं. ताईने नको सांगितलं.

"हात काढलास ना?" मास्तरांनी मागे न बघता विचारलं.

"काढला."

मास्तर गालातल्या गालात हसले आणि त्यांनी पुन्हा तांब्या भरून घेतला. त्यांच्या ओल्या पाठीपासून चार बोटांवर ताईचा तळवा तसाच उघडा होता.