ओवा जळला की सव्वा महिना

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे, आणि एके काळी खानापूर तालुक्यात मामलेदारापेक्षा माझा हुकूम जास्त चालायचा. इंग्रजांचं राज्य नुकतंच गेलं, मी मात्र अजून माझ्या जागेवर आहे. यावरून दोघांत टिकाऊ कोण ते तुम्हीच ठरवा. आता ही जागा म्हणजे जनाना दवाखान्याची कोठी आहे. माझ्या तीन पायांतला एक मोडलाय, त्याच्याखाली वीट दिली आहे, उजव्या हाताला गळका बंब आणि डाव्या हाताला केरसुण्या आहेत. पण राज्य म्हटलं की थोडी पडझड व्हायचीच.

मला निपाणीच्या भावकू लोहाराने घडवलं. साल विचारू नका, आम्ही लोखंडी मंडळी वाढदिवस पाळत नाही. तंबाखूचे व्यापारी रायगोंडा आण्णा यांच्या घरात पहिलं बाळंतपण यायचं होतं, आणि बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवायला शेगडी हवी होती. भावकूने बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव घेतली, तापवली, ठोकली आणि मला तीन पाय दिले.

"गाडीची धाव हाय, आण्णा," तो म्हणाला. "ही घरात बसायची न्हाय. फिरत ऱ्हाणार."

"शेगडी कुठं फिरती रं?" आण्णा म्हणाले.

पण भावकूचंच खरं झालं.

आण्णांना मुलगी झाली. तिचं नाव ब्राह्मी ठेवलं. माझ्यात निखारे भरून मला बाजेखाली सरकवलं आणि वर मूठभर ओवा टाकला. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निम्मं आनंदाचं होतं, निम्मं माझ्या धुराचं. कुणाचं कुठलं ते आजवर ठरलेलं नाही.

आमच्या भागात एक पद्धत आहे. ओवा जळल्याचा वास आला की गल्लीला काही सांगावं लागत नाही. बाया चुलीवरचं खाली उतरवतात, खण-नारळ, डिंक, खारीक, गूळ असं काय काय घेऊन बाळंतिणीच्या दारात ओटी आणतात. आणि तिथून सव्वा महिना ती बाई कशाला हात लावत नाही. पाणी नाही, दळण नाही, शेत नाही. खायचं, शेकून घ्यायचं आणि निजायचं. सासूनेसुद्धा बोलायचं नाही, आणि हे सासवांना फार जड जातं.

पुढे मी गल्लीभर फिरले. "आक्का, शेगडी द्या की," म्हणून कुणीतरी दारात उभं असायचंच. जिथे पाळणा, तिथे मी. माझं कौतुकही भारी होत असे. एका आजीबाईंनी तर मला हळदकुंकू लावलं होतं. मी गरम आहे हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

एकदाच मला कुणी बोलावलं नाही. तेव्हा मी आण्णांच्याच माळ्यावर होते. खाली पद्मावती आक्का, म्हणजे ब्राह्मीची आई, चटईवर कुडकुडत पडली होती. दिवस भरण्याआधीच तिच्या पोटातलं बाळ गेलं होतं. ब्राह्मी तेव्हा परकरी पोर. ती आजीला म्हणाली, "आज्जी, शेगडी काढू काय?"

"बाळ कुठं हाय?" आजी म्हणाली. "बाळ न्हाय तर शेगडी कशाला?"

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पद्धतच तशी होती. जिचं बाळ गेलं ती बाळंतीण नव्हे, आणि बाळंतीण नव्हे म्हणजे धडधाकटच आहे. पद्मावती आक्का लगेच चुलीपाशी बसू लागली. मी माळ्यावर गारच राहिले. ब्राह्मी मात्र येता-जाता वर बघायची.

ही पोर पुढे मुंबईला जाऊन डॉक्टरीण झाली. निपाणीत काही दिवस दुसरा विषय नव्हता. तिला खानापूरच्या जनाना दवाखान्यात नेमलं, तेव्हा आण्णांनी चांदीचं ताट काढलं.

"ताट नको, आण्णा. ती शेगडी द्या."

"लगीन न्हाय, लेकरू न्हाय. शेगडी काय करणार?"

"खानापुरात थंडी लई हाय म्हणत्यात."

अशा रीतीने मी बेळगावहून आगगाडीत बसले. पलीकडच्या बाकावर एक शास्त्रीबुवा होते. डॉक्टरीणबाईंच्या पायाशी बाळंतिणीची शेगडी बघून ते विटाळ नको म्हणून खिडकीतून बाहेर बघू लागले आणि खानापूर येईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.

दवाखाना दोन खोल्यांचा. डॉक्टर ब्राह्मीबाई, मदतीला अक्काताई नावाची आया, पूर्वीची सुईण, आणि मी. अक्काताई अंगाने दणकट आणि स्वभावाने त्याहून दणकट. दवाखान्यात खाटा होत्या, औषधं होती, बाया नव्हत्या. पश्चिमेला सगळं जंगल, मधे ओढे, गावं लांब लांब. अगदीच अडलेलं बाळंतपण असलं तर घोंगडीची डोली करून आणत. पण मूल पडलं तर दवाखाना कशाला? दुसऱ्या दिवशी बाई पाण्याला जाणार, तिसऱ्या दिवशी शेतात. तापाने फणफणली किंवा रक्त थांबेना, की मग डोली निघायची, आणि कधी कधी फार उशिरा पोचायची. ब्राह्मीबाई बाजारात उभ्या राहून बायांना समजावत. बाया मान हलवत, आणि कोथिंबीर केवढ्याला ते विचारत.

आता मी मनुबाईची गोष्ट सांगते. माझ्या आयुष्यात मोठी म्हणावी अशी हीच.

थंडीचे दिवस होते. भाताची कापणी सुरू होती. जंगलातल्या एका गावाहून परशराम नावाच्या शेतकऱ्याने आपल्या बायकोला, मनुबाईला, डोलीत घालून आणलं. सोबत त्याची आई मालुबाई. पोटातलं बाळ गेलेलं, आणि मनुबाईच्या ओठांचा रंगही त्याच्याबरोबर गेलेला. ब्राह्मीबाई आणि अक्काताईंनी दोन दिवस तिचा बिछाना सोडला नाही. रक्त थांबलं, ताप उतरला. मनुबाई वाचली. पण ती बोलेना. नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राही.

खरी लढाई त्यानंतरची.

"उद्या न्हेतो तिला," मालुबाई म्हणाली. "भात उभं हाय."

"आत्ता वाकून भात कापलं तर परत रक्त जाईल," ब्राह्मीबाई म्हणाल्या. "परत डोली येईस्तोवर ती टिकायची न्हाय. महिनाभर निजून ऱ्हायला पायजे."

"म्हैनाभर? बाळंतीण हाय काय ती?"

"बाळंतीण न्हाय, पण अंग तेवढंच झिजलंय."

"बाई, तुमी शिकल्याल्या हाय. पण बाळ न्हाय तर निजायचं कुनासाठी?"

परशराम कधी आईकडे बघे, कधी डॉक्टरीणबाईंकडे. दोन्हीकडून काही मिळालं नाही की माझ्याकडे बघे.

ब्राह्मीबाईंनी वाद सोडला आणि अक्काताईंना म्हणाल्या, "पाय गार पडलेत तिचे. शेगडी पेटवा, खाटेच्या पायथ्याशी जरा लांब ठेवा. खिडकी उघडी टाका."

अक्काताईंनी निखारे घातले, मला खाटेशी सरकवलं. पण इतकी वर्षं त्यांच्या हाताला एकच सवय. शेगडी सरकवली की कमरेच्या पिशवीत हात जायचा. बघता बघता मूठभर ओवा माझ्यावर पडला. ब्राह्मीबाई वळून बघतात तोवर धूर खिडकीतून बाहेर.

तो बाजाराचा दिवस होता, आणि बाजार खिडकीसमोर.

मनुबाईच्या गावची माणसं मीठ-मिरची घेत होती. मनुबाईला डोलीतून नेलंय एवढंच त्यांना ठाऊक. तिला कितवा महिना चालू होता याचा पक्का हिशेब गावात कुणाकडे नव्हता, पण मत प्रत्येकाकडे होतं. दवाखान्यातून ओवा जळल्याचा वास आला. मग काय. बायांनी मिठाच्या पैशाचा गूळ घेतला. गावचे म्हातारे भरमाकाका एका हलगीवाल्याला हाताला धरून पुढे निघाले, आणि ही वरात वाजतगाजत थेट दवाखान्याच्या पायरीशी.

मालुबाई दारात उभी. हलगी जोरात.

"पोरगं का पोरगी?" भरमाकाका ओरडून म्हणाले. "ऱ्हाऊ दे, आदी गूळ घे, मग सांग."

"काय न्हाय," मालुबाई म्हणाली.

"काय न्हाय म्हंजे? दोनातलं एक कायतरी असंल की."

"बाळ गेलं, काका."

हलगी थांबली. बाजारातला एक बैल ओरडला, तोही थांबला. भरमाकाकांनी गुळाची ढेप या काखेतून त्या काखेत घेतली.

"मग ओवा कुनी जाळला?"

सगळ्यांनी अक्काताईंकडे बघितलं. अक्काताईंनी माझ्याकडे बघितलं. मी लाल झालेच होते, त्यामुळे लाजले की नाही ते कुणाला कळलं नाही.

"आता ह्या ओटीचं काय करायचं?" एक बाई हळूच म्हणाली. "दारात आनल्याली ओटी माघारी न्हेत न्हाईत."

"पन बाळंतीण न्हाय तर भरायची कुनाची?" दुसरी म्हणाली.

"मी काय म्हंतो, हलगीवाल्याला तर पैसं द्यावंच लागत्यात," भरमाकाका म्हणाले.

ब्राह्मीबाई पुढे झाल्या. मला वाटलं आता रक्त, ताप, अशक्तपणा असं सगळं सांगणार. पण त्यांनी तोंड उघडण्याआधी मालुबाईच बोलली. पद्धत म्हटली की ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हती, स्वतःचंसुद्धा.

"ओटी माघारी जायाची न्हाय," ती म्हणाली. "ओवा जळलाय. ओवा जळला म्हंजे बाळंतीण. आमच्या सात पिढ्यांत असंच हाय."

"अगं, पन बाळ..."

"बाळाचं इचारलंय कुनी? ओव्याचं बोलाय लागलेय मी." मग तिने आवाज खाली आणला. "माजी दोन गेली. ह्या परशाच्या आदी. माज्या येळंला कुनी ओवा जाळला न्हाय. दुसऱ्या दिशी मी हिरीवर पान्याला गेल्ते."

परशरामला हे ठाऊक नव्हतं. तो पायरीवर खाली बसला. बाजारकरणींपैकी दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला, आणि धूर तर केव्हाच संपला होता.

"सव्वा म्हैना निजंल ती," मालुबाई म्हणाली. "भाताचं काय हुईल ते हुईल."

"हुईल काय म्हंजे?" भरमाकाका एकदम खवळले. "आमी काय मेलाव? उद्या सगळी तुज्याच वावरात. ह्या हलगीवाल्याला बी इळा द्या हातात. फुकट वाजीवलंय न्हवं."

हलगीवाला म्हणाला की त्याचा हात दुखतोय. पण तोही गेला, असं ऐकते.

मग बाया आत आल्या आणि त्यांनी मनुबाईची ओटी भरली. मालुबाईने तिथेच माझ्यावर कढई चढवून डिंक तळायला घेतला. दवाखान्यात स्वयंपाक करू नये अशी पाटी होती. ब्राह्मीबाई त्या पाटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पहिला लाडू मनुबाईच्या हातात दिला. तिने तो बराच वेळ धरून ठेवला, थोडी रडली, मग एक घास खाल्ला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"डिंक कच्चा ऱ्हायलाय."

"बोलाय लागली," मालुबाई म्हणाली. "म्हंजे बरी हाय." आणि तोंड फिरवून कढईत उगीचच उलथनं फिरवत बसली.

मनुबाई घरी गेली तेव्हा मीही गेले. ती डोलीत आणि मी परशरामच्या डोक्यावर. वाटेतल्या प्रत्येक गावाने मला पाहिलं. सव्वा महिना मी त्यांच्या घरात राहिले आणि रोज पेटले. त्या घराचं भात त्या वर्षी सगळ्यांच्या आधी खळ्यात आलं.

तेव्हापासून ब्राह्मीबाई मुद्दाम ओवा जाळू लागल्या. बाळ आलेलं असो की गेलेलं. वास सुटला की बाजार गूळ घेऊन यायचा, आणि कुठल्याही सासूची सव्वा महिना बोलायची छाती नव्हती. माझा हुकूम म्हणतात तो हा. मग जंगलातल्या बाया रक्त थांबायची वाट न बघता येऊ लागल्या. डोल्या लवकर निघू लागल्या. कैकदा डोलीच्या पुढे मनुबाईच चालत असायची, कमरेला ओव्याची पिशवी लावून. पुढे तिला मुलगी झाली. हे मी ओझरतंच सांगते, कारण तिची ओटी त्याच्या फार आधी भरली होती.

माझा पाय अशाच एका फेरीत ओढ्यात पडून मोडला. मग दवाखान्यात गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आल्या. त्या ऊब देतात, धूर देत नाहीत. अक्काताई म्हणाल्या, "ह्या मुक्या पिशव्यांचं बाजाराला काय कळनार?" म्हणून आता ओवा तव्यावर जाळतात. चालायचंच. या ऑगस्टात झेंडा लागला तेव्हा सगळे अंगणात गेले. मला कुणी नेलं नाही, पण पेढ्यांचा वास आला. म्हटलं, देशालाही आता सव्वा महिना आराम द्यावा. कुणी ऐकलं नाही.

मित्रांनो, शेवटी तुम्हाला एक मोठा उपदेश करायचा म्हणून मी तो बरेच दिवस जुळवत होते. जुन्या वस्तूंची कदर, दुःखी माणसाची कदर, असं सगळं त्यात होतं. पण तो आता राहू द्या, कारण तुम्ही मला घासायला आलेले दिसता, आणि माझ्या पोटात दवाखान्याची मांजर निजली आहे. पिल्लं शोधू नका. या खेपेला ती राहिली नाहीत. काल अक्काताई येऊन तिच्या अंगावर चिमूटभर ओवा टाकून गेल्या. निखारे नव्हते, म्हणून नुसताच टाकला. मांजर शिंकली.

तेव्हा सव्वा महिन्याने या. आणि जाताना दार तेवढं ओढून घ्या, तिला वारं लागतंय.