मातीनंतरचं जेवण

"मग शुक्रवारी जेवण किती वाजता ठेवतेयस?" मार्लिसनं फोनवर विचारलं.

ऑर्लिनला जाऊन अठरा तासही झाले नव्हते. वाईट वाटल्याचं मार्लिस आधीच बोलली होती, आणि तिचा आवाज खरंच ओला होता. आमच्या गावातली माणसं वाईट नाहीत. सवय लागते, एवढंच.

अर्डिस म्हणाली, "या वेळी मी नाही करणार गं. माझाच नवरा गेलाय."

मग मार्लिसनं अगदी निरागसपणे विचारलं, "मग कोण करणार?"

शवपेटी मातीत ठेवून लोक परतले की चर्चच्या तळघरात जेवण असतं. हॅमचे बन, बटाटे, केक, कॉफी. पूर्वी बायका पाळी लावून करायच्या. अकरा वर्षांपूर्वी अर्डिसनं शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडून जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, आणि जानेवारीत गावातल्या दुकानदारांच्या न्याहारीला गेली. तिथं प्रत्येकानं कार्डावर नव्या वर्षाच्या संकल्पांच्या तीन ओळी लिहायच्या असतात: धंदा, घर, गाव. तिनं लिहिलं, बीटच्या साखर कारखान्यातल्या पाळ्यांच्या जेवणाचं काम मिळवायचं. रविवारी ऑर्लिनबरोबर बसून जेवायचं. आणि मयताचं जेवण कुणालाही फुकट.

तिसरी ओळ महिन्याभरात खरी झाली, तेव्हा कुणीतरी गेलंच होतं. पहिलीला तीन वर्षं लागली. मधली ती दर जानेवारीत नव्या कार्डावर उतरवून काढायची, अक्षर तेवढं सुधारत गेलं. त्या ओळीबद्दल कुणी कधी विचारलं नाही. बाकीच्या दोन्हींसाठी तिला मानाची पाटी मिळाली.

ऑर्लिन धान्याच्या कोठारावर कामाला होता. संध्याकाळी ओट्याशी उभा राहून उरलंसुरलं खायचा. आमच्याकडे कुणी गेल्याशिवाय केक मिळत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. अर्डिसही हसायची, हात न थांबवता. सोमवारी दुपारी तो गॅरेजमध्ये कोसळला, तेव्हा ती कारखान्यात डबे उतरवत होती.

मंगळवारी संध्याकाळी मिनियापोलिसहून मुलगी आली, करीन. ती म्हणाली, सरळ फार्गोच्या मोठ्या दुकानातून सँडविच मागवू. आईचा चेहरा बघून तिनं तो विषय सोडला. तोवर चर्चमधल्या बायका जेवण करायला हो म्हणाल्या होत्या, पण बुधवारभर फोन चालू राहिले. दोनशे माणसांना हॅम किती? कॉफीचं मोठं भांडं कुठल्या कपाटात? बटाट्यात साय किती घालतेस? सातव्या फोनला अर्डिसचा तोल गेला.

"अकरा वर्षं मी केलं, मार्लिस. तुम्हाला एक दिवस जमत नाही?"

"जमायचं गं आम्हाला," मार्लिस म्हणाली. "मग एकदा मी जेलीचं सॅलड घेऊन आले. तू चव बघितलीस आणि माझ्यादेखत सिंकमध्ये ओतलंस. वर हसलीस. त्यानंतर कुणाची छाती झाली नाही तुझ्या शेजारी उभं राहायची."

अर्डिसला ते सॅलड आठवत होतं. पाणचट होतं. सायीचं माप सांगून तिनं फोन ठेवला.

शुक्रवारी काळ्या ड्रेसमध्ये ती पहिल्या बाकावर बसली, करीनचा हात धरून. तिला एवढंच हवं होतं: एक दिवस नुसती बायको असायचं, त्याच्या मागोमाग कबरीपर्यंत जायचं, आणि परत येऊन दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं खायचं. पाद्रीबुवा तिनं गावाला कसं जेवू घातलं ते सांगत होते. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. खालून हॅमचा वास येईना. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तिला कळलं की ओव्हन पेटलेलाच नाही.

पेटी बाहेर न्यायची तयारी सुरू झाली तशी ती उठली. नुसतं बघून येते म्हणाली.

तळघरात चार बायका थंडगार हॅमभोवती उभ्या होत्या. तो जुना ओव्हन बटण दाबून धरल्याशिवाय पेटत नाही, आणि हे फक्त तिलाच माहीत होतं. इतक्या वर्षांत तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिलाच नव्हता. तिनं तो पेटवला. मार्लिसच्या डोळ्यांत पाणी होतं.

"झालं ना आता? जा तू," मार्लिस म्हणाली. "गार तर गार. लोक समजून घेतील. तू त्याच्याबरोबर जा, अर्डिस."

अर्डिसनं कापायच्या फळीवरचे हॅमचे काप बघितले. जाड, वेडेवाकडे.

"ऑर्लिनच्या मातीला आलेल्यांना हे वाढायचं?"

तिनं हातमोजे काढले आणि मार्लिसच्या हातातली सुरी घेतली.

करीन जिन्यावरून हाक मारत होती. तू हो पुढं, आलेच मी, असं अर्डिसनं खालूनच सांगितलं. करीन दोन पायऱ्या उतरून आली, आईकडे बघितलं आणि वर गेली. हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती.

तळघराची खिडकी जमिनीलगत आहे. तिच्यातून बर्फ दिसतो आणि पाय दिसतात, माणसं दिसत नाहीत. पेटी उचललेल्या सहा जणांचे काळे बूट जपून जपून पुढं गेले. मग लांब गाडीची चाकं, अगदी हळू. चारी बायका मान वर करून बघत राहिल्या.

अर्डिसची पाठ खिडकीकडे होती. चाकांचा आवाज संपेपर्यंत तिची सुरी थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

"तासाभरात परत येतील," ती म्हणाली. "बन कापायला घ्या. पातळ कापा."