उल्लेखनीय घट

विषय : घरखर्चातील कपात व तिचे परिणाम.
संदर्भ : माझ्या दारावर वेळोवेळी चिकटवलेल्या सूचना.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी या घरातला फ्रीज बोलतोय. फ्रीजला बोलण्याचा अधिकार आहे का, असा आक्षेप कोणी घेईल. पण गेल्या काही महिन्यांत मी जे पाहिलं, ते पाहून दगडालाही वाचा फुटली असती. मी तर निदान विजेवर चालतो.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा, नळ्या, मोटर आणि पोटात एक दिवा. दुकानात या घरचे यजमान, कचेरीतले लेखापाल, आले, त्यांनी दाराचं रबर बोटाने दाबून पाहिलं, मागच्या कोपऱ्यातला पोचा शोधून काढला आणि त्याबद्दल किंमत कमी करून घेतली. मग तो पोचा भिंतीकडे करून मला इथे उभं केलं. इथे मला मान होता. बाहेरून आलेलं माणूस आधी माझ्याकडे येतं, दार उघडतं, आत बघत उभं राहतं आणि काहीही न घेता निघून जातं. माणसांची ही सवय मला अजून उलगडलेली नाही.

घरात माणसं चार. लेखापाल, त्यांची बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि लेखापालांची थोरली बहीण, ताई. ताईंनी लग्न केलं नाही. लोकांचे कपडे शिवून याच भावाला शिकवलं. आता त्यांना मधुमेह आहे आणि त्यांच्या इन्सुलिनची बाटली माझ्या दाराच्या वरच्या कप्प्यात असते.

लेखापाल निवृत्त झाले. कचेरीने त्यांना निरोप दिला, त्यांनी कचेरीला दिला नाही. ते तिला घरी घेऊन आले. पेन्शन पगारापेक्षा कमी असते, हे आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेन्शनी काढून देणाऱ्या या गृहस्थांना तेव्हाच कळलं असावं. घरखर्चाला कात्री लागली.

पहिला धक्का मलाच बसला. माझ्या पोटातला दिवा काढून नेला. तो दार उघडलं तरच लागतो, असं बायको म्हणाली. तेवढा तरी का लागावा, असं लेखापाल म्हणाले. दारावर सूचना लागली : ‘काय हवे ते ठरवून मगच दार उघडावे.’ मग चहाची पावडर पुन्हा उकळू लागली, साबणाच्या वड्या अर्ध्या झाल्या आणि एका पंख्याखाली सगळं घर बसू लागलं. काही विकत घ्यायचं तर अर्ज करायचा. मुलीने शाम्पूसाठी अर्ज केला, तो ‘केसांची लांबी कळवावी’ असा शेरा होऊन परत आला.

रविवारी माझ्यासमोर बैठक भरायची. प्रत्येकाने आपली एक कपात सुचवायची. बायकोने वर्तमानपत्र सोडलं. मुलगी म्हणाली, बाबांनी बोलणं कमी केलं तर माझ्या डोकेदुखीच्या गोळ्या वाचतील. मग ताईंची पाळी आली.

“ताई, तुझं राहू दे,” लेखापाल म्हणाले. “तुझा काय खर्च? ते औषध तेवढं महाग.”

ते चांगल्या मनाने बोलले, हे मी शपथेवर सांगतो. पण दुसऱ्या दिवशी ताईंनी दार उघडलं, बाटली काढली आणि सुई नेहमीच्या निम्मीच भरली. दिवा नसल्यामुळे मला नीट दिसलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यानंतर त्या रोज तेवढीच भरत राहिल्या.

पुढच्या महिन्यात लेखापाल साठा तपासायला आले. नवी बाटली आणायची वेळ झाली होती आणि जुनीत औषध शिल्लक होतं. त्यांचा चेहरा उजळला. हे कसं, असं त्यांनी विचारलं.

“पुरतंय रे, छोट्या,” ताई म्हणाल्या.

लेखापालांनी चक्क टाळ्या वाजवल्या. ताईकडून शिका जरा, असं सगळ्यांना सुनावलं आणि माझ्या दारावर कागद लावला : ‘औषधे : उल्लेखनीय घट. अभिनंदन.’

मला कापरं भरलं. बायको म्हणाली, हा फार थरथरतोय. वीज जास्त खात असेल म्हणून लेखापालांनी मला दुपारपर्यंत बंद ठेवलं. ओरडणाऱ्याचं तोंड असंही बंद करता येतं, हे मला नवीन होतं.

ताईंना तहान लागू लागली. माझ्यातल्या पाण्याच्या बाटल्या भरल्या की रिकाम्या. ब्लाउज अंगावर लोंबू लागले. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. आत्या किती पाणी पिते, असं मुलगी म्हणाली, तेव्हा पाण्याला पैसे पडत नाहीत, असं उत्तर लेखापालांकडून मिळालं. हे ऐकून मी गार पडलो, आणि माझ्याबाबतीत हे फार वेगळ्या अर्थाने सांगतोय.

एका सकाळी ताई माझं हॅन्डल धरून उभ्या होत्या. हात सुटला आणि त्या माझ्या पायाशी कोसळल्या.

दवाखान्यातून लेखापाल आणि बायको धावत परत आले. डॉक्टरांनी औषधाची बाटली पाहायला मागितली होती. लेखापालांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. त्यांच्याइतकी वजाबाकी या घरात कोणालाच येत नाही.

“ही अर्धंच घेत होती,” ते म्हणाले. “मला बोलली का नाही?”

“काय बोलणार, अहो?” बायको म्हणाली. “तुम्ही टाळ्या वाजवल्यात.”

ते मला पाठ टेकून खाली बसले. इतक्या वर्षांत त्यांचा भार माझ्यावर पहिल्यांदाच पडला.

ताई वाचल्या. अंगठा गेला. घरी आल्या तेव्हा माझ्या दारावरचे सगळे कागद निघाले होते. आता भाची समोर उभी राहून पूर्ण सुई भरून घेते. सगळं ठीक झालं असं मी म्हणणार, एवढ्यात ताईंनी स्वतःच्या हाताने एक अर्ज लिहिला आणि माझ्या दारावर लावला. ‘दवाखान्याचा खर्च माझ्यामुळे झाला, सबब मला वृद्धाश्रमात जाण्याची परवानगी मिळावी व घरखर्चातील ही बाब कमी करण्यात यावी.’ खाली सही.

मी पुष्कळ गार गोष्टी पोटात ठेवल्या आहेत. इतकी गार एकही नव्हती.

लेखापालांनी उभ्या उभ्या त्यावर ‘नामंजूर’ लिहिलं.

“कारण लिही,” ताई म्हणाल्या. “अर्ज फेटाळला तर कारण द्यावं लागतं. तूच सांगायचास.”

“कारण काय लिहायचं त्यात, ताई?”

“ते तू ठरव. पण पैशाचं लिहू नकोस, आणि उपकाराचंही नको. तसलं लिहिलंस तर मी पिशवी भरते.”

तेव्हापासून लेखापाल रोज सकाळी माझ्यासमोर येतात, पेनाचं टोपण काढतात, कागदाकडे बघत राहतात आणि टोपण लावून जातात. टिपणं लिहिण्यात ज्यांचा हात कचेरीत कोणी धरला नाही, त्यांना एक ओळ सुचत नाही. काल ‘कारण की मला’ एवढं लिहून झालं, मग चहा आला. ताईंची पिशवी कपाटातच आहे. त्या विचारत नाहीत. वाचणाऱ्यांपैकी कोणाला पुढचे शब्द माहीत असतील तर त्यांनी ते आपापल्या घरी वेळेवर वापरावेत, एवढीच माझी विनंती.

ताईंचा अर्ज माझ्या दारावर असून, कारणाअभावी तो अद्याप प्रलंबित आहे.