पेटीची किल्ली

कॉलेजच्या दहा वर्षांच्या अंकासाठी संपादकांनी मला फॉर्म धाडलाय. 'मुलींच्या गायन गटाने कोणते यश मिळवले? दोन ओळींत लिहावे.' विलासच्या ऑर्केस्ट्राला म्हणे तीन पानं, आणि आम्हाला दोन ओळी! वा रे वा. मी, तळवलीची पुतळा, सत्त्याऐंशी सालची बी.ए., फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. छापायचं तर सगळं छापा.

वाशीच्या आपल्या कॉलेजात तेव्हा पेटी एक आणि तबल्याची जोडी एक. दोन्ही कपाटात कुलूपबंद, आणि किल्ली विलासच्या खिशात. कारण सांस्कृतिक मंडळाचे सुभाष सर म्हणायचे, "मुलींच्या हाती दिलं की मोडतं." मागायला गेलं की विलास म्हणायचा, "आज आमची प्रॅक्टिस आहे ना यार." महिनाभर हेच ऐकलं. मग नंदिनीचं डोकं सटकलं. ती सेक्टरमधल्या फ्लॅटात राहणारी, दादरहून आलेली, शास्त्रीय शिकलेली. म्हणाली, "खड्ड्यात गेली पेटी. बिनपेटीचं गाऊ."

बिनपेटीचं कसं गातात ते मला ठाऊक होतं. माझी आत्या चांगुणाबाई आमच्या आगऱ्यांच्या लग्नांत धवला गायची. धवला म्हणजे नुसतं लग्नाचं गाणं नाही, हळदीपासूनचे सगळे विधी त्याच्यावर चालतात, आणि त्याला वाद्य लागत नाही. आम्ही सात जणी तिच्या ओटीवर जाऊन बसलो. तिनं आधी आम्हाला एकमेकींचे हात धरायला लावले. "दम संपला का बाजूवालीचा हात दाबाचा. तिनं तवा गायाचं, तू दम घ्याचा. सगल्यांनी एकदम दम घेतला तर गानं मेलं." नंदिनीला वाटलं, त्यात काय एवढं. पहिल्याच दिवशी तिनं माझा हात असा दाबला की बांगडी फुटली.

आणखी एक आत्यानं बजावून सांगितलं. "धवला धरला का मधी तोराचा नाय. आभाल पडलं तरी."

वर्षभरात आम्ही बेलापूरला गणपतीत पहिल्या आलो, ठाण्याला जिल्ह्यात दुसऱ्या. बोर्डावर लागलं, 'सांस्कृतिक मंडळाचे सुयश'. आमच्यातल्या एकीचंही नाव नाही!

शहाऐंशी साली आंतरमहाविद्यालयीन समूहगानाची अंतिम फेरी वाशीतच होती. आठवडाभर आधी सरांनी आम्हाला बोलावलं. "मुंबईचे परीक्षक येणारेत. हे बोडकं गाणं त्यांच्यापुढे शोभत नाही. त्यातून गावठी. ऑर्केस्ट्रा वाजवेल, तुम्ही मागे उभं राहून कोरस द्या. नाहीतर तुमचा गट बंद."

मला रडू येणार होतं, पण त्याच्या आधी संताप आला. वर्गात मी बोलले की पोरं माझी नक्कल करायची, म्हणून मी तोंडच उघडत नव्हते. त्या सात जणींत मात्र धवला मी धरायचे, माझा आवाज सगळ्यांच्या पुढे असायचा. तो गट गेला असता तर मी परत मुकी झाले असते. बाहेर आल्यावर नंदिनी म्हणाली, "आत्ता हो म्हण. आधी स्टेजवर तर जाऊ."

फेरीच्या दिवशी स्टेजवर पोरं वायरी जोडत होती, विलास ऑर्गनचा प्लग शोधत होता. आम्ही मागे न थांबता सरळ पुढे आलो, हात धरले, आणि मी धवला धरला.

विंगेतून सरांचे हातवारे सुरू. विलासला प्लग सापडला आणि त्यानं मोठ्यानं ऑर्गन लावला. त्याचा सूर एक, आमचा एक. आम्ही काही हललो नाही. दोन ओळींतच गडी गप झाला. माझा हात घामानं निसटत होता, नंदिनी सोडत नव्हती. मग सर ओरडले, "पडदा टाका!"

पडद्याच्या दोरीवर डेकोरेटरचा माणूस होता, घणसोलीचा पंढरी, आमच्यासारखाच आगरी. त्यानं दोरी मुठीला गुंडाळून घेतली. "धवला चालू हाय, सर."

"अरे, मी सांगतोय ना, टाक पडदा!"

"मधी कसा टाकू? नवरीला अर्ध्या हलदीतून उठवतात का?"

सर स्वतः दोरी ओढायला गेले. पंढरी सहा फुटी गडी, जागचा हलतोय कशाला! प्रेक्षकांत मागच्या रांगेत आत्या बसली होती. शेवटचं कडवं तिनं जागेवरून उचललं, आणि आम्ही ते पुरं केलं.

निकाल लागला, 'नियमबाह्य, बाद'. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, यश म्हणून तोही छापा.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस. 'मुलींचा गायन गट बंद करण्यात आला आहे.' सकाळी ती वाचून मी वर्गात गेले. दुपारी परत गेले, तर नोटिशीखाली कुणीतरी पेनानं लिहिलेलं, 'सगुणा, एफ.वाय.' कोण ही सगुणा, आम्हाला ठाऊकही नव्हतं. तिच्याखाली दुसरं नाव, मग तिसरं. जागा संपली तशी पोरींनी समासात लिहिलं. एकूण चौतीस.

सोमवारी जुन्या-नव्या मिळून एक्केचाळीस जणी जिन्यात हात धरून उभ्या राहिलो. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत पायरीपायरीवर पोरी, आणि गाणं चालू. सरांना वर जायला वाट नव्हती. खालच्या पायरीशी ते बराच वेळ ताटकळले. मग विलासला बोलावून त्याच्याकडून किल्ली घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या. आजपासून पेटी तुमचीसुद्धा."

गाणं तोडायचं नव्हतं. मी नंदिनीचा हात दाबला. तिनं माझी ओळ उचलली, आणि तेवढ्या एका दमात मी म्हणाले,

"राहू द्या, सर. विलासला लागेल."

आणि पुढची ओळ धरली.