दोकियाने तोडलेली भुवई

मित्रांनो, जरा हळू बोला हं. मी फार म्हातारी चादर आहे; तुमच्या आवाजानेसुद्धा माझी सोन्याची जर निसटायची. लाल रेशमावर निजलेले प्रभू येशू दिसतात ना, तीच मी. वर्षातून एकदा, त्यांच्या मरणाच्या शुक्रवारी, मला देवळात मांडत.

तिकडे युरोपात, मोल्दाव्हियाच्या रानात जोगिणींचा मठ होता. तिथे मला चौकटीवर ताणलं. खिडकीतून बर्फाचा उजेड यायचा, सुया सरसर चालायच्या आणि मी अर्धवट झोपेत तीन हिवाळे वाढले. सोन्याची जर कापडात शिरत नाही बरं का, ती वर नुसती लोळते. साधा रेशमी दोरा तिला बांधून ठेवतो. पण दोऱ्याला कोण विचारतो!

चेहरा सर्वांत शेवटी भरतात. तो दोकियाकडे आला. ही विधवा बाई. तिचा एकुलता मुलगा तोआदेर लढाईवर गेला आणि परत आली ती नुसती बातमी. ना प्रेत, ना कबर. बिचारीला रडायलाही जागा नव्हती.

चित्रकाराने कापडावर आखून दिलेल्या रेघेबाहेर सुई न्यायची नाही, असा नियम. दोकियाने डावी भुवई मध्येच तोडली, बोटभर जागा कोरी सोडली. मोठ्या जोगीणबाई, फिलोथेया माई, बघतच राहिल्या.

"अगं, हे काय?"

"लहानपणी तोआदेर कुंपणावरून पडला होता, माई. त्याची भुवई अशीच तुटलेली होती."

"बाई गं! देवाच्या तोंडावर आपलं पोरगं भरलंस? परवा बिशप येणार. उसव आधी!"

"तुम्हीच उसवा. माझा हात नाही चालायचा."

माईंनी कात्री घेतली. थंडगार टोक भुवईला टेकलं. टोक तिथेच थांबलं.

"बिशपांची नजर मेली जरीवरच जाते," माई पुटपुटल्या. "भुवई कशाला दिसतेय त्यांना!" आणि कात्री कमरेला खोचली.

शुक्रवारी बिशपांनी जरीचं तोंडभर कौतुक केलं. मग रांग लागली. सगळे पावलांवर ओठ टेकवून जात. दोकिया मात्र वर सरकली, भुवईवर ओठ टेकवले आणि हंबरडा फोडला. रांग खोळंबली, पण "आटप" असं कुणी म्हटलं नाही.

पुढे माझ्यावर मेण सांडलं, उंदरांनी काठ कुरतडला, कित्येक वर्षं मी पेटीत पडून होते. आता संग्रहालयात काचेखाली आहे. काल दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या, "भुवईचे टाके गेलेत वाटतं, भरून टाकू."

नका हो! फाटेल तिथे दोरा घाला, धूळ झाडा, उन्हापासून जपा. पण मित्रांनो, त्यांना सांगा, तेवढी बोटभर जागा मोकळी ठेवा. दोकियाचा तोआदेर तिथे पुरलाय.